उताऱ्याचा आकडा

१८९५ साली राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात शाहूपुरीची व्यापारपेठ वसवली आणि पंचगंगेकाठच्या गुळाला हक्काचा बाजार मिळाला. त्या गुळाची परीक्षा गुऱ्हाळावरच व्हायची आणि परीक्षक एकच, गुळव्या. काहिलीतला रस आटत आला की तो पाकाचा थेंब गार पाण्यात सोडायचा, बोटांत त्याची गोळी वळायचा आणि ती भांड्याच्या काठावर आपटून आवाज ऐकायचा. आवाज टणक आला की काहील उतरवायची. आकडा नाही, वही नाही. गुळव्या दुसऱ्या गुऱ्हाळावर गेला की त्याच्याबरोबर सगळी प्रयोगशाळाच जायची.

साखर कारखान्याला हे परवडणारं नव्हतं. १९३२ मध्ये सरकारने देशी साखरेला आयातीपासून संरक्षण दिलं आणि चार-पाच वर्षांत देशभर शंभराहून अधिक कारखाने उभे राहिले. त्याच दशकात छत्रपती राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत कसबा बावड्याला कोल्हापूर शुगर मिल आली. पुढे याच मिलचा छत्रपती राजाराम सहकारी साखर कारखाना झाला. मिलमध्ये तीन पाळ्यांत माणसं बदलायची, ऊस मात्र अखंड आत यायचा. रात्री दोन वाजता रसात किती साखर होती, हे सकाळी आठच्या माणसाला कळायचं तर ते कुणीतरी लिहून ठेवायलाच हवं होतं. म्हणून गिरणीच्या शेजारी एक खोली आली, खोलीत काचेच्या नळ्या आल्या, आणि एक जाडजूड रजिस्टर आलं.

त्या खोलीतली विद्या युरोपातून जावामार्गे आली होती. साखरेच्या द्रावणातून जाताना ध्रुवित प्रकाशाची पातळी वळते, हे फ्रेंच शास्त्रज्ञ बिओ यांनी १८१५ च्या सुमारास दाखवलं. ती किती वळली हे मोजणारं यंत्र म्हणजे पोलॅरिमीटर. जर्मन गणिती अडोल्फ ब्रिक्स यांनी द्रावणाच्या घनतेवरून त्यातल्या विरघळलेल्या पदार्थांचं प्रमाण काढायचे तक्ते बिनचूक केले आणि त्यांचं नाव मोजमापालाच चिकटलं. १८९७ मध्ये हॅम्बुर्गला जमलेल्या रसायनतज्ज्ञांनी साखर तपासण्याच्या पद्धती साऱ्या जगात एकसारख्या असाव्यात म्हणून एक आयोग नेमला. तो आज इक्युम्सा या नावाने ओळखला जातो. कोल्हापुरातला साखर व्यापारीसुद्धा पोत्यातल्या मालाचा रंग इक्युम्साच्या आकड्यातच सांगतो.

यापेक्षा वेगळी गोष्ट जावाच्या डच कारखानदारांनी केली. १९ व्या शतकाच्या अखेरीस त्यांनी आपापल्या प्रयोगशाळांचे आकडे एकमेकांना द्यायला सुरुवात केली. कुणाच्या बगॅसमध्ये, म्हणजे पिळलेल्या उसाच्या चोथ्यात, किती साखर वाया गेली, कुणाची मळी किती शुद्ध राहिली, हे सगळं एकाच नमुन्याच्या तक्त्यात भरायचं आणि तो तक्ता सगळ्यांनी पाहायचा. या पद्धतीचं नाव परस्पर नियंत्रण. आज ज्याला लॅबोरेटरी इन्फर्मेशन मॅनेजमेंट सिस्टीम, थोडक्यात लिम्स म्हणतात, त्यातल्या बऱ्याच गोष्टी या कागदी तक्त्यात होत्या. नमुना ठरलेला, वेळ ठरलेली, रीत ठरलेली आणि नोंद तुलनेजोगी.

भारतात हे वळण लावायचं काम १९३६ मध्ये कानपूरला सुरू झालेल्या इम्पीरिअल इन्स्टिट्यूट ऑफ शुगर टेक्नॉलॉजीने केलं. तीच आजची राष्ट्रीय शर्करा संस्था. त्याच वर्षी पुण्यात डेक्कन शुगर टेक्नॉलॉजिस्ट्स असोसिएशन स्थापन झाली. कारखान्यांच्या अहवालांचे नमुने ठरले. त्यांतल्या दोन नमुन्यांची नावं आजही चीफ केमिस्टच्या तोंडी असतात. चालू हंगामाचा आरटी-७सी आणि हंगाम संपल्यावरचा आरटी-८सी. कसबा बावडा असो की बिहारमधला एखादा कारखाना, रकाने तेच.

त्या रकान्यांत जाणारा एक आकडा कसा तयार होतो ते पाहू. गिरणीतून निघालेल्या मिश्र रसाचा नमुना ठरल्या वेळी बाटलीत गोळा होत राहतो आणि दर दोन तासांनी लॅबमध्ये येतो. केमिस्ट उंच नळकांड्यात रस ओततो, फेस निवू देतो आणि ब्रिक्सचा स्पिंडल सोडतो. समजा वाचन आलं २०. मग थोडा रस फ्लास्कमध्ये घेऊन त्यात शिशाच्या क्षाराची पूड घालायची, हलवायचं आणि गाळणकागदातून गाळायचं. गढूळ, हिरवट रसातून पिवळसर नितळ पाणी खाली उतरतं. ते २०० मिलिमीटरच्या नळीत भरून पोलॅरिमीटरमध्ये ठेवायचं. जुन्या यंत्रात सोडियमच्या दिव्याचा पिवळा उजेड असायचा. एक डोळा मिटून गोल चकती फिरवायची आणि दोन्ही अर्धवर्तुळं सारखी दिसली की थांबायचं. वाचन आलं ७१.५. श्मिट्झच्या तक्त्यात २० ब्रिक्सखाली शोधलं की पोल, म्हणजे रसातल्या साखरेचा टक्का, निघतो १७.२. पोलला ब्रिक्सने भागून १०० ने गुणलं की शुद्धता ८६. तीन आकडे तीन रकान्यांत गेले, शेवटी सही. दोन तासांनी पुन्हा हेच. रात्रपाळीतही हेच.

चोवीस तास भरले की या रकान्यांच्या सरासऱ्या काढून दैनिक अहवाल तयार व्हायचा. त्यातला सर्वांत मोलाचा आकडा उताऱ्याचा. १०० किलो उसातून किती किलो साखर पोत्यात पडली, तो उतारा. इथे एक गंमत आहे. या सगळ्या खटाटोपात उसातली साखर थेट कुणी मोजलेलीच नसते. ती उलट्या हिशोबाने काढतात. आत गेलेला ऊस आणि त्यावर सोडलेलं पाणी यांची बेरीज ही बाहेर आलेला रस आणि बगॅस यांच्या बेरजेएवढी असलीच पाहिजे. १०० टन ऊस, ३० टन पाणी आणि १०२ टन रस असेल तर बगॅस २८ टन. रसातली साखर अधिक बगॅसमधली साखर म्हणजे उसातली साखर. ती १४ टक्के निघाली आणि बगॅस, प्रेसमड, मळी व हिशोबाला न लागलेली तूट मिळून १.९ टक्के गेली, तर उतारा १२.१. हिशोबाला न लागलेल्या तुटीचाही स्वतंत्र रकाना असतो. वजनकाटा, रसाचा काटा, लॅब आणि गोदाम यांपैकी कुठेही काही चुकलं की ते अखेर याच रकान्यात येऊन पडतं. म्हणून जाणता चीफ केमिस्ट अहवाल हातात आला की आधी तो रकाना बघतो.

१९५० पर्यंत हे सारं मालकाच्या घरचं गणित होतं. त्या वर्षाच्या अखेरीस प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या सहकारी कारखान्याने गाळप सुरू केलं आणि मालक बदलला. कोल्हापूर जिल्ह्यात रत्नाप्पा कुंभार यांनी इचलकरंजीजवळ पंचगंगा कारखाना उभा केला. तात्यासाहेब कोरे यांनी वारणेच्या माळावर कारखाना काढला आणि त्याभोवती दूध संघ, शिक्षणसंस्था, बाजार असा सगळा गोतावळा वसवला. पाठोपाठ भोगावती, कुंभी-कासारी, बिदरी, शिरोळचा दत्त, कागलचा शाहू असे कारखाने आले. आता ऊस घालणारा सभासद हाच मालक होता आणि वार्षिक सभेत अहवालाची पुस्तिका त्याच्या हातात पडत होती. ताळेबंदाची पानं चाळून तो उताऱ्यापाशी थांबायचा. शेजारच्या कारखान्याचा १२.४ आणि आपला ११.९ का, या प्रश्नावर सभेत आवाज चढायचे.

चढणारच, कारण दरम्यान त्या आकड्याचे पैसे झाले होते. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात उसाचा किमान दर ठरवताना ज्या बाबी विचारात घ्यायच्या, त्यांत उताऱ्याचा समावेश झाला. पुढे ८.५ टक्के हा पायाभूत उतारा धरून त्यावरच्या प्रत्येक दशांश टक्क्याला वाढीव दर मिळू लागला. २००९-१० च्या हंगामात किमान दराच्या जागी रास्त आणि किफायतशीर दर, म्हणजे आज सगळ्यांच्या तोंडी असलेली एफआरपी आली आणि पाया ९.५ वर गेला. २०१८-१९ मध्ये तो १० झाला, २०२२-२३ मध्ये १०.२५. पाया वर सरकला की शेतकऱ्याची वाढीव टक्केवारी तेवढी घटते, ही शेतकरी संघटनांची जुनी तक्रार आहे. २०२४-२५ साठी दर होता क्विंटलला ३४० रुपये आणि वरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ३२ पैसे. टनाला झाले ३३ रुपये २० पैसे. हंगामात १० लाख टन गाळणाऱ्या कारखान्यात एका दशांशाची किंमत ३ कोटी ३२ लाख रुपये होते. पोलॅरिमीटरच्या नळीत हवेचा बुडबुडा राहिला तरी वाचन बिघडतं, हे ज्याने पाहिलंय त्याला या दशांशाचा नाजूकपणा कळेल.

कोल्हापूरला हे गणित विशेष लागू पडतं, कारण कोल्हापूर विभागाचा उतारा राज्यात वरचा. काळी कसदार जमीन, नद्यांचं पाणी, थंडीचे महिने आणि कारखान्यापासून जवळची शिवारं असं सगळं इथे जुळून आलंय. वाणांचाही मोठा हात आहे. एके काळी महाराष्ट्रभर कोयमतूरच्या ७४० या वाणाचं राज्य होतं. मग लवकर पक्व होणारा, साखरेला चढा असा ६७१ आला आणि त्यानंतर पाडेगावच्या केंद्राने प्रसारित केलेल्या ८६०३२ ने शिवारं व्यापली. आधी कुणाचा ऊस तोडायचा हे ठरवायला शेतकी खात्याची माणसं हातात मावणारा रिफ्रॅक्टोमीटर घेऊन फडात जात. कांडीला टोचून काढलेला रसाचा थेंब काचेवर ठेवायचा, उजेडाकडे धरून ब्रिक्स वाचायचा आणि वहीत गट नंबर, लागणीची तारीख, वाण आणि ब्रिक्स लिहायचा. लॅबचं रजिस्टर असं कारखान्याच्या फाटकाबाहेर, बांधापर्यंत आलं होतं.

मात्र ही रजिस्टरं एकमेकांशी बोलत नव्हती. लागणीची नोंद गट ऑफिसात, वजन काट्यावर, रसाचे आकडे लॅबमध्ये, पोत्यांची संख्या गोदामात आणि बिलाचा हिशोब अकाउंट्समध्ये. शेतकऱ्याच्या हाती फक्त चिटबॉयने दिलेली चिठ्ठी आणि काट्यावरची पावती. संशय वाढायला एवढी जागा पुरेशी होती. ‘काटामारी’ आणि ‘रिकव्हरी चोरी’, म्हणजे वजन आणि उतारा कमी दाखवणं, हे शब्द ऊसपट्ट्यात घरोघर झाले. शिरोळ तालुक्यातून पुढे आलेल्या राजू शेट्टींनी २००४ मध्ये स्वाभिमानी शेतकरी संघटना काढली. जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत पहिली उचल किती यावर दर हंगामाआधी रणशिंग फुंकलं जाऊ लागलं. व्यासपीठावरून दराबरोबर काट्याचा आणि उताऱ्याचाही जाब विचारला जाई.

या दोन आरोपांचं आपसातलं नातं मात्र सभांच्या गर्दीत सहसा कुणी उलगडून सांगत नाही. समजा १०० टन ऊस आला, साखर १२ टन झाली आणि काट्याने ऊस ९५ टनच दाखवला. साखर तीच, ऊस कमी, म्हणून उतारा १२.६३ दिसणार. म्हणजे काटा मारला की उतारा फुगतो. तो फुगवटा लपवायचा तर साखरेच्या नोंदीलाही हात घालावा लागतो. दुसरीकडे बगॅसचा हिशोब बोंबलतो. मघाच्या उदाहरणात बगॅस २८ ऐवजी २३ टन निघतो आणि उसातलं फायबर १४ वरून १२ च्या आसपास घसरतं. त्याच शिवारातल्या, त्याच वाणाच्या उसात अचानक इतका कमी चोथा कसा, हा प्रश्न कागदावर उभा राहतो. पण काटा, लॅब आणि गोदाम यांची पानं शेजारी-शेजारी ठेवून बघणारा कुणी असेल तरच.

संगणक हे काम सहज करू शकला असता. जगात प्रयोगशाळांसाठी तयार प्रणाली १९८२ च्या सुमारास बाजारात आल्या. एक मिनीकॉम्प्युटर, त्याला जोडलेले पडदे, नमुन्याला क्रमांक आणि शेवटी छापील अहवाल असं त्यांचं रूप होतं. त्याआधी मोठ्या औषध आणि तेल कंपन्या स्वतःपुरते असे प्रोग्रॅम लिहून घेत. आपल्याकडे मात्र संगणक कारखान्यात शिरला तो लॅबच्या दारातून नव्हे. हजारो सभासदांची बिलं, कपाती, तोडणी-वाहतुकीच्या उचली आणि कामगारांचे पगार यांच्या ढिगाने आधी अकाउंट्स आणि शेतकी खातं वाकलं होतं. डॉसवरच्या हिरव्या-काळ्या पडद्यावर फॉक्सप्रोमध्ये लिहिलेले प्रोग्रॅम आले आणि कर्कश आवाजाच्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर पंधरवड्याची बिलं निघू लागली. लॅबमध्ये मात्र दोन तासांचं रजिस्टर आणि कॅल्क्युलेटरच होता.

मग १९९८ मध्ये वारणेचं नाव देशभर झालं. पंतप्रधान वाजपेयींच्या सरकारने त्या वर्षी माहिती तंत्रज्ञानावर राष्ट्रीय कृतिदल नेमलं होतं. त्याच्या पुढाकाराने ‘वारणा वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प आखला गेला. केंद्र, राज्य आणि वारणा समूह अशी भागीदारी होती आणि तांत्रिक काम राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राकडे. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली ७० गावं वारणानगरच्या यंत्रणेशी जोडायची, गावात केंद्र उघडायचं, तिथे संगणक ठेवायचा आणि ऊस नोंद, तोडीचा परवाना, गेलेल्या उसाचं वजन, खतांची उचल ही माहिती शेतकऱ्याला वारणानगरचा हेलपाटा न घालता द्यायची. बाजारभाव, पीकसल्ला आणि इंटरनेट ही पुढची स्वप्नं. ज्या देशात शहरांतही इंटरनेट नवलाईचं होतं, तिथे पन्हाळा तालुक्यातल्या गावात उसाचं वजन संगणकावर दिसतं, ही बातमी परदेशापर्यंत गेली.

सात-आठ वर्षांनी बंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाचे राजेश वीरराघवन, नाग यशोधर आणि केंटारो टोयामा हे संशोधक वारणेला आले. त्यांना दिसलेलं चित्र साधं होतं. केंद्रांचा उपयोग होत होता, पण मुख्यतः मोजक्या, ठरावीक नोंदींसाठी. नोंद, परवाना, वजन, खत. त्यासाठी अख्खा संगणक, त्याची दुरुस्ती आणि वीज सांभाळायची. त्यांनी विचारलं की हेच एसएमएसवर का नको? कारखान्याच्या संगणकाला एक मोबाईल जोडला आणि सात गावांत आठ महिने प्रयोग केला. संगणकावरची सगळी कामं साध्या फोनवर झाली, स्वस्तात झाली आणि शेतकऱ्यांनाही ती अधिक आवडली. संगणक काढून फोन बसवल्याच्या या प्रयोगाला त्यांनी नाव दिलं ‘वारणा अनवायर्ड’. आज काट्यावर गाडी वजन होताच फोनवर येणारा संदेश ऊसपट्ट्यात सवयीचा झालाय. त्या वाटेवरचं हे एक सुरुवातीचं पाऊल.

म्हणजे वजनाचा आकडा गावात पोहोचला. उताऱ्याचा आकडा मात्र दैनिक अहवालाच्या चौकटीत राहिला.

लॅब बदलली ती बाहेरच्या रेट्याने. एक रेटा निर्यातीचा आणि बड्या खरेदीदारांचा होता. शीतपेय आणि औषध कंपन्यांना साखरेच्या पोत्याबरोबर तिच्या लॉटचा रंग, गंधकाचं प्रमाण, ओलावा आणि सूक्ष्मजीवांचा दाखला हवा असतो, आणि तक्रार आली तर तो लॉट कोणत्या दिवशी, कोणत्या पाळीत पडला हे मागे जाऊन सांगता यावं लागतं. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याने ही शिस्त कायद्याची केली. दुसरा रेटा यंत्रांचा. स्वयंचलित पोलॅरिमीटर आले. अवरक्त प्रकाशावर चालणारे पोलॅरिमीटर गडद रसही वाचतात, त्यामुळे विषारी शिशाची पूड लागत नाही आणि डोळा मिटून चकतीही फिरवावी लागत नाही. वाचन पडद्यावर येतं आणि केबलमधून थेट संगणकात जातं. श्मिट्झचा तक्ता प्रोग्रॅमच्या पोटात गेला. रसाच्या काट्याच्या जागी प्रवाहमापक आले आणि काटा, लॅब, गोदाम हे एकाच ईआरपीचे, म्हणजे साऱ्या कारखान्याच्या एकत्रित सॉफ्टवेअरचे, भाग झाले.

यात लॅबच्या माणसांना सर्वांत जाणवलेला फरक खाडाखोडीचा आहे. रजिस्टरात चुकीच्या आकड्यावर एक रेघ मारायची, शेजारी बरोबर आकडा लिहून आद्याक्षरं टाकायची, असा नियम होता. खालचा आकडा दिसत राहायचा. मधल्या काळात लॅबचे तक्ते एक्सेलमध्ये गेले आणि ही सोय हरवली. खान्यात नवा आकडा टाकला की जुना नाहीसा. लिम्सने जुनी शिस्त परत आणली. नमुना कधी घेतला, वाचन कुणी भरलं, कुणी बदललं, आधी काय होतं आणि बदलायचं कारण काय, हे सगळं मागे राहतं. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा परीक्षक आला की निकालांच्या आधी तो हाच माग उघडून बघतो. अर्थात असा माग ठेवणारी प्रणाली आणि नुसतं छापील फॉर्मचं सॉफ्टवेअर यांत बरंच अंतर आहे आणि दोन्हींना बोलताना ‘लॅबचं सॉफ्टवेअर’च म्हणतात.

ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमध्ये या साऱ्याची वाट वेगळी गेली. तिथे १९१५ च्या कायद्यानंतर उसाचा दर त्यातल्या साखरेशी बांधला गेला आणि प्रत्येक शेतकऱ्याच्या उसाचा नमुना तपासला जातो. कुठल्या वॅगनमध्ये कुणाचा ऊस आणि कुठला रस त्या उसाचा, हे जुळवल्याशिवाय तिथे बिलच निघत नाही. म्हणून नमुन्याचा माग ठेवणं ही तिथल्या लॅबची पहिली गरज ठरली. आपल्याकडे वीस-वीस गुंठ्यांचे फड, दिवसाला शेकडो बैलगाड्या आणि ट्रॅक्टर. सगळ्यांचा ऊस एकाच गव्हाणीत पडतो आणि उतारा साऱ्या कारखान्याचा एकच निघतो. ६७१ राखणाऱ्यालाही तोच आणि पाण्याने फुगवलेला ऊस घालणाऱ्यालाही तोच. त्या एकाच आकड्यावर इतक्या जणांचा डोळा असतो, त्याचं हेही कारण.

अलीकडे तर तो आकडा आणखी गुंतागुंतीचा झाला. २०१८ पासून केंद्राने बी-हेवी मळीपासून आणि थेट उसाच्या रसापासून इथेनॉल करायला उत्तेजन दिलं. मळीत मुद्दाम जास्त साखर सोडायची तर पोत्यात कमी पडते आणि उतारा घसरतो. त्या घसरणीची झळ शेतकऱ्याला लागू नये म्हणून इथेनॉलकडे वळवलेली साखर हिशोबात परत मिळवावी लागते. किती मिळवायची हे ठरतं मळीच्या शुद्धतेवर, म्हणजे पुन्हा लॅबच्या वाचनावर. त्यासाठी मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटच्या दाखल्याला महत्त्व आलं. १९७५ मध्ये कारखान्यांनीच मिळून काढलेली ही संस्था. प्रयोगशाळेच्या अहवालात जिथे एक उतारा असायचा, तिथे आता प्रत्यक्ष उतारा आणि सुधारित उतारा असे दोन रकाने आले.

आणि मग प्रश्न आला, कोणत्या वर्षाचा उतारा? उसाचे पैसे १४ दिवसांत द्यायचे असा केंद्राच्या आदेशाचा नियम आहे. चालू हंगामाचा अंतिम उतारा पट्टा पडल्यावर, म्हणजे गाळप संपल्यावर, टाक्यांत आणि पॅनमध्ये अडकलेला माल निघाल्यावरच कळतो. म्हणून वर्षानुवर्षं मागच्या हंगामाचा उतारा धरून दर काढायची पद्धत होती. २१ फेब्रुवारी २०२२ ला राज्य सरकारने ती बदलली. पुणे आणि नाशिक महसूल विभागांत १० टक्के आणि इतरत्र ९.५ टक्के उतारा धरून पहिला हप्ता द्यायचा आणि हंगाम संपल्यावर त्याच वर्षाच्या उताऱ्याप्रमाणे फरक द्यायचा. त्या हंगामात १० टक्क्यांना २९० रुपये क्विंटल दर होता आणि वरच्या प्रत्येक दशांशाला २ रुपये ९० पैसे. कोल्हापूर पुणे विभागात येतं. १२ टक्के उताऱ्याच्या कारखान्याला ऊस घालणाऱ्याचे या नियमाने टनामागे ५८० रुपये हंगाम संपेपर्यंत मागे राहणार होते.

राजू शेट्टी उच्च न्यायालयात गेले. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो शासननिर्णय रद्द केला. एफआरपीच्या बाबतीत केंद्राच्या आदेशाला राज्याला अशी बगल देता येणार नाही, हा त्या निकालाचा गाभा. त्यामुळे हंगाम सुरू होताना दर काढायला पुन्हा मागच्या हंगामाचा अंतिम अहवाल हाती घ्यायची वेळ आली. गेल्या वर्षीच्या बंद झालेल्या आरटी-८सीवर चालू वर्षाचे कोट्यवधी रुपये ठरू लागले. संघटनेची पुढची मागणीही हिशोबाच्याच वाटेने गेली आहे. सगळे वजनकाटे ऑनलाइन करा आणि त्यांचे आकडे थेट पुण्याच्या साखर संकुलात, म्हणजे साखर आयुक्तांच्या कार्यालयात, दिसू द्या, असं ती म्हणते. काट्याचे आकडे तिथे पोहोचले की त्यांच्या शेजारी रोजच्या मिश्र रसाचे आणि बगॅसचे आकडे मांडायला दुसरं यंत्र लागत नाही. कारखान्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये ते दर पाळीला भरलेच जातात.